पुराचे पाणी आणि आपले घर : धोका मोजावा कसा?

(ऊस विकास विभागाकडून)



मृग निघाला की आमच्या खात्याची धांदल सुरू होते. आडसाली लागणीच्या नोंदी, बेण्याची मागणी, खताचे वाटप, एक ना दोन. या पानावर दरवर्षी या दिवसांत आम्ही लागणीविषयीच लिहितो. यंदा मात्र उसाऐवजी घराविषयी लिहावयाचे ठरविले आहे. ऊसवाल्याने लोकांच्या घरात कशाला डोकवावे, असे कोणी म्हणेल. तर त्याचे कारण २०१९ साली माझ्या हातून झालेली एक चूक आहे. ती आधी सांगतो.

त्या साली ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, ऐन आश्लेषा नक्षत्रात, कोल्हापूर-सांगलीकडे कृष्णा-पंचगंगेने आणि आपल्याकडे हिरण्यकेशीने काय केले हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पाणी उतरल्यावर बुडालेल्या उसाची यादी करावयाचे काम माझ्याकडे आले. बुडालेल्या उसाला तोड लवकर द्यावयाची, म्हणून यादी घाईने पाहिजे होती. मी आणि आमचे चिटबॉय गावोगाव फिरलो. यादीचा नियम मी सोपा केला. नदीपासून शेत किती लांब, आणि किती गुंठे पाण्याखाली गेले. जो नदीला जवळ आणि ज्याचे क्षेत्र जास्त तो यादीत वर.

एका गावात यादीच्या डोक्यावर नाव आले ते एका बड्या सभासदाचे. मळीला सात एकर ऊस, घर नदीच्या अंगाला, घरात चार फूट पाणी, पाच दिवस. त्याच गावात वरच्या गल्लीला एक कुटुंब होते. त्यांच्या घरात गुडघाभर पाणी आले आणि दीड दिवसात उतरले. दीड एकर ऊस, तोही वाट्याने केलेला. जमीनमालक मुंबईस. ऊस नोंद मालकाच्या नावावर, सातबारा मालकाचा. त्यामुळे या माणसाचे नाव माझ्या यादीत कोठेच आले नाही.

पुढच्या दिवाळीला बड्या सभासदांच्या दारात नवा ट्रॅक्टर उभा होता. त्यांचे मी वाईट म्हणत नाही, त्यांनी सोसले आणि उभे राहिले. पण वरच्या गल्लीतल्या घराला कुलूप होते. कच्च्या विटांची मागची भिंत पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी बसली. भिंतीसाठी एक म्हैस विकली, उसाने हात दिला नाही म्हणून दुसरी विकली, आणि माणसे मजुरीला इचलकरंजीस गेली. पुढे एकदा त्या घरच्या आक्का बाजारात भेटल्या. मी चौकशी केली तर म्हणाल्या, "साहेब, पाणी दोघांच्याबी घरात आलं. त्येंच्या घरातनं गेलं, आमच्या घरात ऱ्हायलं."

माझ्या यादीत फूट होते, गुंठे होते, आणि ही गोष्ट नव्हती. नदी किती चढली हे मोजणे म्हणजे पुराचा धोका मोजणे नव्हे. एकाच पाण्याने एक घर भिजते आणि दुसरे घर मोडते. कोणते घर मोडेल हे पाणी येण्याच्या आधी ओळखता आले पाहिजे, आणि ते ओळखता येते. त्यासाठी शिकलेला माणूस लागत नाही.

जगभर या विषयाचा अभ्यास करणारे लोक ढोबळमानाने तीन प्रश्न विचारतात. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलाविषयीच्या आंतरशासकीय समितीने २००१ सालच्या अहवालात हेच तीन धागे धरले होते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर : पाणी आपल्यापर्यंत पोहोचते किती? पोहोचल्यावर झोंबते किती? आणि झोंबल्यावर सावरावयास किती दिवस लागतात?

पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण तेथेही गफलत होते. आपल्या गडहिंग्लजच्या पुराची मेख अशी की तो पुष्कळदा आपल्या पावसाचा नसतोच. हिरण्यकेशीचा उगम आंबोलीचा. तेथे वर्षाला सरासरी सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आजऱ्याकडून खाली येता येता तो झपाट्याने कमी होत जातो, आणि गडहिंग्लजच्या पूर्वेला तर आपण आभाळाकडे बघत बसतो. म्हणून येथे उघडीप असली तरी नदी फुगते. "पाऊस न्हाई, मग पाणी कुठनं येतंय?" असे म्हणत जनावरे गोठ्यात ठेवलेले लोक मी पाहिले आहेत. आपल्या अंगणातला पाऊस बघून पुराचा अंदाज बांधू नये. आंबोली आणि आजऱ्याचा पाऊस विचारावा, चित्री धरण भरून सांडव्यावरून वाहते आहे का ते विचारावे.

दुसरे म्हणजे प्रत्येक घराने आपले स्वतःचे माप ठेवावे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे आकडे रेडिओवर ऐकून आपल्याला पाठ झाले आहेत. पण तो पंचगंगेचा हिशेब, आपल्या नदीला त्याचा उपयोग नाही. आपले माप आपल्या बंधाऱ्यांवर आहे. निलजी, ऐनापूर, जरळी, नांगनूर, यांपैकी आपल्याला जवळचा कोणता ते धरा. तो पाण्याखाली गेल्यावर आपल्या मळीत पाणी यावयास किती तास लागले, मळीतून गावच्या रस्त्यावर किती, रस्त्यावरून उंबऱ्याशी किती? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना २००५, २०१९ आणि २०२१ ही तिन्ही वर्षे आठवतात. त्यांना बसवून विचारा आणि लिहून ठेवा. भिंतीवर तिन्ही सालांच्या रेघा ऑइलपेंटने मारा. रेघ मारली की घर विद्रूप दिसते अशी तक्रार बायका करतात. मारा तरी. दहा वर्षांनी भिंत नवीन होते आणि पाणी कोठवर आले होते यावर भावाभावांत वाद होतात.

निळ्या आणि लाल पूररेषेविषयीही दोन शब्द. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. यावरून पुष्कळांचा समज असा की एकदा येऊन गेला म्हणजे आता पंचवीस वर्षे निश्चिंती. तसे नसते. पंचवीस वर्षांतून एकदा याचा अर्थ दरवर्षी शंभरात चार इतकी शक्यता, आणि आदल्या वर्षी पूर आला म्हणून ती कमी होत नाही. २०१९ नंतर २०२१ आला तो असाच. वीस वर्षांच्या हप्त्याने घर बांधले तर ते फिटेपर्यंत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. निळ्या रेषेच्या आत स्वस्तात प्लॉट मिळतो तो का स्वस्त, हे आता कळावे.

पाणी पोहोचणे म्हणजे उंबऱ्याला लागणे एवढेच नव्हे. २०१९ आणि २०२१ साली भडगावचा पूल पाण्याखाली गेला आणि चंदगडकडची वाहतूक थांबली. पुलाच्या पलीकडे माळावर कोरडे घर असलेला माणूस स्वतःला पूरग्रस्त म्हणत नाही. पण त्याच्या घरात दिवस भरलेली सून असेल, रोजच्या गोळ्या लागणारे वडील असतील, दूध अलीकडे घालावयाचे असेल, तर त्या चार दिवसांत तोही बुडालेलाच. रस्ता तुटणे हे पाणी येण्यातच धरावे.

आता दुसरा प्रश्न, झोंबते किती. येथे घर बघावे आणि घरातली माणसे बघावीत. भाजक्या विटा-सिमेंटचे घर चार फूट पाण्यात पाच दिवस उभे राहते, धुऊन काढले की झाले. मातीत रचलेली भिंत एका दिवसाच्या पाण्याने पायात मऊ होते, आणि ती पाण्यात असताना पडली नाही तरी पाणी उतरल्यावर पडू शकते. लोक चिखल काढावयास परत येतात तेव्हाही ती अंगावर येऊ शकते. अशा घरात परतल्यावर निदान आठवडाभर भिंतीच्या कडेला अंथरूण टाकू नये.

माणसांची मोजदाद करताना संख्येपेक्षा कोण हे महत्त्वाचे. रात्री दोन वाजता निघावयाचे झाले तर स्वतःच्या पायांनी कोण निघेल? अंथरुणाला खिळलेली आजी, तान्हे मूल, बाळंतीण यांना उचलावयास घरात हात किती? आपल्या भागातली निम्मी तरणी मुले मुंबई-पुण्यास किंवा पलटणीत. गणपतीला घर भरलेले दिसते, पण पूर गणपतीच्या आधी येतो. पुष्य-आश्लेषात घरात राहतात ती दोन म्हातारी माणसे आणि तीन म्हशी. अशा घराला पाच माणसांचे घर म्हणून कागदावर लिहिले तर ती नोंद खोटी.

जनावरांमुळे माणसे अडकतात, हेही ध्यानात ठेवावे. दावणीला म्हैस सोडून कोणी निघत नाही आणि निघूही नये, पण मग ती न्यावयाची कोठे हे आधी ठरलेले पाहिजे. कोणाच्या माळावर, कोणत्या वाटेने, आणि तेथे वैरण कोणाची? नदीकाठच्या मोटारींचेही तेच. इशारा मिळाल्यावर मोटार काढावयास रात्री पाण्यात उतरणे म्हणजे वीस-तीस हजारांसाठी घरचा कर्ता माणूस पणाला लावणे होय. मृगातच काढून ठेवावी.

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा आणि तोच कोणी विचारत नाही. घर किती दिवसांत सावरेल? येथे आपला ऊस येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बुडालेल्या उसाचे काय होते ते आपण जाणता. शेंडा पाण्यावर राहिला तर ऊस बराचसा तगतो. शेंडा बुडाला, सुरळीत गाळ बसला, की पोगा कुजतो. मग कांडीवरचे डोळे फुटतात, पांगशा निघतात, वजन आणि साखर दोन्ही घटतात. पण शेतातली घट आणि घरातली घट सारखी नसते. समजा, एक एकर ऊस, चाळीस टन उतारा, टनाला ३,००० रुपये. बिल झाले १,२०,०००. त्यातून सोसायटीचे कर्ज व्याजासह ५०,००० आणि खत-औषधाची उधारी १५,००० वजा जाता घरात ५५,००० येतात. आता पुराने उतारा पंचवीस टनांवर आला. बिल ७५,०००. कर्ज आणि उधारी मात्र तीच ६५,०००. घरात आले १०,०००. उसाचे वजन घटले सुमारे ३८ टक्के आणि घरचा पैसा घटला सुमारे ८२ टक्के! ज्याच्यावर कर्ज नाही त्याचा मात्र ऊस जेवढा घटला तेवढेच उत्पन्न घटते. म्हणून दोन शेजाऱ्यांचा ऊस सारखाच बुडाला तरी दोन घरे सारखी बुडत नाहीत. पंचनाम्यात हे दिसत नाही. पिकाची हानी ३३ टक्के किंवा अधिक आहे का, एवढेच तेथे बघितले जाते.

शिवाय आडसाली उसाचे पैसे दीड वर्षाने. एक लागण गेली म्हणजे पुढच्या बिलापर्यंत घर कशावर चालावयाचे? बहुतेक घरांत उत्तर एकच, दर दहा दिवसांचे दुधाचे बिल. त्यामुळे पुराच्या वर्षी म्हैस विकणारे घर दोनदा बुडते असे मी समजतो. गरज भागते आणि पुढच्या वर्षाचा आधार जातो. विकावयाचेच झाले तर आधी काय विकणार, हे सुकाळात नवरा-बायकोने बसून ठरवावे.

सगळा ऊस मळीला असणे हाही सावरण्यातला अडसर. मळीची जमीन काळीभोर, पाणी जवळ, उतारा चांगला, म्हणून मोह सुटत नाही. पण जुलैत केलेली आडसाली लागण पुराच्या वेळी वीतभर असते, ती शेंड्यासकट जाते. शक्य असेल त्यांनी मळीतली लागण पाऊस ओसरल्यावर पूर्वहंगामी करावी आणि आडसाली वरच्या रानात घ्यावी. पूर्वहंगामी ऊस पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरुषभर उंच झालेला असतो. सगळे रान मळीलाच असेल त्यांच्यासाठी मजकडे सोपे उत्तर नाही.

वाट्याने करणाऱ्यांची गोष्ट वर सांगितलीच. मदत सातबाऱ्याच्या मागे जाते, घाम गाळणाऱ्याच्या मागे नाही. घराच्या मदतीतही कागद आडवा येतो. २०१९ साली शासनाने तातडीची मदत ग्रामीण कुटुंबाला दहा हजार आणि शहरी कुटुंबाला पंधरा हजार दिली. पण एका छपराखाली तीन भावांच्या तीन चुली आणि रेशनकार्ड एकच, अशी घरे आपल्याकडे कमी नाहीत. चूल वेगळी झाली असेल तर कार्ड वेगळे करून घ्यावे, हे काम पावसाळ्याच्या आधीच होते. आधार, पासबुक, सातबारा, सोसायटीचा दाखला यांच्या नकला एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टांगाव्यात.

शहरात राहणाऱ्या सभासदांनी हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. पुष्कळांचे शेत गावी आणि बिऱ्हाड गडहिंग्लज शहरात, कोणाची मुले कोल्हापुरात भाड्याने. शहरात भिंत पक्की असते, तरीही घर कच्चे असू शकते. नदीचे पाणी नाल्यातून आणि गटारातून उलटे येते, त्यामुळे नदी न दिसणाऱ्या गल्लीतही ते पहाटे दारात असते. तळमजल्यावर किराणा किंवा शिलाईचे दुकान असेल तर सगळे भांडवल दोन फूट उंचीच्या आत मांडलेले. भाडेकरूला घराची मदत मिळताना अडचणी, आणि माल भिजला त्याची पावती नाही. गावाकडे निदान कोणी तरी हाक मारतो, "आण्णा, निघा, पाणी आलं." शहरात वरच्या मजल्यावरचा खालच्याला ओळखत नाही. उलट शहराला दवाखाना जवळ, बँक जवळ, रोजचे काम चार दिवसांत पुन्हा सुरू. म्हणून शहर बरे की गाव बरे असा वाद घालण्यात हशील नाही, घर बघावे.

आता मोजावयाचे कसे? तिन्ही प्रश्नांना एक ते पाच गुण द्या. जास्त गुण म्हणजे जास्त धोका. माझ्या यादीतले बडे सभासद घेऊ. पाणी पोहोचणे ५, झोंबणे २, सावरण्यातली अडचण १. वरच्या गल्लीतले घर : पोहोचणे २, झोंबणे ५, सावरणे ५. शहरात भाड्याच्या गाळ्यात दुकान असलेले घर : ३, ३, ४. बेरीज केली तर ८, १२ आणि १०. फारसा फरक वाटत नाही. गुणाकार करून बघा : १०, ५० आणि ३६. अभ्यासक लोकही कधी बेरीज करतात, कधी गुणाकार, आणि त्यांच्यातही यावर एकमत नाही. मला स्वतःला गुणाकार पटतो, कारण एक वाईट गोष्ट दुसऱ्या वाईट गोष्टीला नुसती मिळत नाही, तिला वाढविते.

मात्र आकड्याने भुलू नये. आकडा काढून झाल्यावर तिन्हींपैकी सर्वांत मोठा गुण कोणता ते बघा, कारण औषध त्यावर ठरते. पोहोचणे मोठे असेल तर चौथरा उंच करणे किंवा जागा बदलणे. बांगला देशात नदीतल्या बेटांवर राहणारे लोक मातीची भर घालून घराचा चौथराच पुराच्या वर उचलतात, आपल्याकडे गोठ्यासाठी तरी ते करता येईल. झोंबणे मोठे असेल तर भिंतीच्या खालच्या तीन फुटांची भाजकी वीट आणि म्हातारी माणसे हलविण्याची आधी ठरलेली व्यवस्था. सावरणे मोठे असेल तर कर्जाची नवी उचल करण्यापूर्वी दहादा विचार, बचत गटात थोडी रक्कम फक्त पुरासाठी बाजूला, आणि माळावरच्या पाहुण्यांशी आधीच बोलणे. ज्याच्या घरी जावयाचे त्याला आधी विचारलेले असले म्हणजे संकोच होत नाही. संकोचापायी लोक शेवटच्या घटकेपर्यंत घरात बसतात, हे मी २०२१ सालीही पाहिले.

हे गुण घरच्या कर्त्याने एकट्याने देऊ नयेत. बायकांना विचारावे. पुरुष म्हणतो, "काय हुतंय, बघू." कोरडे सरपण किती दिवसांचे आहे, पिण्याचे पाणी कोठून आणावयाचे, पूर उतरल्यावर विहिरीत टीसीएल कोणी टाकले होते की नाही, हे बाईला माहीत असते. एका घरात नवऱ्याने सावरण्याला २ दिले आणि बायकोने ५. तिला माहीत असलेल्या हातउसन्या नवऱ्याला माहीतच नव्हत्या. शेवटी कागदावर ५ लिहिले.

कोरे नमुने प्रत्येक शेती गट कार्यालयात ठेवले आहेत. एका पानाचा कागद आहे, चिटबॉय भरून देतील. तरणा पाऊस लागण्याच्या आत, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, भरून द्यावा. यंदा पाणी आलेच तर बुडालेल्या उसाची तोडयादी करताना मी क्षेत्राबरोबर हा कागदही पुढ्यात ठेवणार आहे. वाट्याने ऊस करणाऱ्यांनी वेगळा अर्ज द्यावा. मालकाची सही मिळाली नसली तरी अर्ज थांबवू नये, मालकाला पत्र आम्ही घालू.